उकिरड्यावरील पन्नी आणि पायांखालील फरसबंदी



दूध, बिस्किटें, साबणाची भुकटी, शेवचिवडा ह्यांवरील जें पातळ वेष्टन आपण घरांत येतांच फाडून फेंकून देतों, त्यापासून पायांखालीं अंथरण्याजोगी लादी तयार होऊं शकते, असें कोणी म्हटल्यास पुष्कळांना नवल वाटेल. गोष्ट खरी आहे. परंतु ती कोणत्या रीतीनें साधते, कोठपर्यंत उपयोगी पडते आणि कोणत्या अविचारानें हितापेक्षां अहितच अधिक करते, हें समजून घेतल्यावांचून तिच्याविषयीं उत्साह धरणें योग्य नव्हे. ह्याच तीन प्रश्नांचा आपण आज क्रमानें विचार करूं.

मी राहतों तें अमडापूर हें गांव बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत, चिखलीहून खामगांवास जाणाऱ्या वाटेवर आहे. भोंवतालची जमीन काळी. पिकें कापूस, सोयाबीन व तूर हीं. पावसाळ्यांत ही काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत भेगाळते. अशा भूमीवरील गल्लीबोळांत चार महिने घोट्याएवढा चिखल असावयाचा, हें आमच्या भागांतील जुनें दुखणें आहे. दुसरें दुखणें त्यामानानें नवें. आमच्याकडे प्लास्टिकच्या पातळ पिशवीस ‘पन्नी’ म्हणतात. ही पन्नी आज गटारांत, कुंपणाच्या बोरीबाभळींवर, बांधावर आणि उकिरड्यावर, जेथें पहावें तेथें आहे. एका दुखण्याचें औषध दुसऱ्या दुखण्यांतून काढतां येईल काय, असा आजच्या विषयाचा मतितार्थ आहे.

पूर्वींचा उकिरडा म्हणजे खेड्याचें एक भांडारच होतें. शेण, राख, पालापाचोळा, भाजीचीं देठें जें कांहीं त्यावर पडे, तें वर्षभरांत कुजून खत होई व शेतांत जाई. बारा वर्षांनीं उकिरड्याचेंही दैव उघडतें, ही म्हण त्याच अनुभवांतून निघाली. पन्नीच्या बाबतींत मात्र ती खोटी पडते. पन्नी कुजत नाहीं. ती उन्हानें तडकते, तिचे तुकडे होतात, तुकड्यांचे कण होतात, पण माती होत नाहीं. म्हणून लोक तिला काडी लावतात. सकाळीं अंगण झाडून कोपऱ्यांत पेटविलेल्या केराचा तो कडवट धूर प्रथम झाडणाऱ्या बाईच्या व तिच्या कडेवरील मुलाच्या छातींत जातो. न जाळलेली पन्नी गाईगुरें शिळ्या अन्नाच्या वासानें गिळतात आणि ती त्यांच्या पोटांत गोळा होऊन राहते.

हें द्रव्य मुळांत आहे तरी काय, हें आतां पाहूं. एथिलीन नांवाचा एक वायु आहे. ह्या वायूचे हजारों कण मण्यांच्या माळेसारखे एकापुढें एक जोडले गेले म्हणजे जो मेणासारखा पदार्थ होतो, त्यास पॉलिथीन म्हणतात. १९३३ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांतील विनिंग्टन येथें गिब्सन व फॉसेट ह्या दोन रसायनशास्त्रज्ञांना तो प्रचंड दाबाखालील एका प्रयोगांत अनपेक्षितपणें भांड्याच्या तळाशीं सांपडला. १९३९ पासून त्याचें कारखानदारी उत्पादन सुरू झालें आणि दुसऱ्या महायुद्धांत रडारच्या तारांवरील आवरणासाठीं तो फार मोलाचा ठरला. १९५३ सालीं जर्मनींतील कार्ल त्सीग्लर ह्यांनीं कमी दाबाखालीं पॉलिथीन तयार करण्याची रीत शोधून काढली. पुढें १९६५ सालीं स्वीडनमधील एका कंपनीनें, बंडीच्या आकाराची, दोन कान असलेली पिशवी पेटंट करून घेतली. ज्या गुणांमुळें हा पदार्थ उपयोगी पडला, म्हणजे पाण्यानें न भिजणें, न गंजणें, न कुजणें, तेच गुण उकिरड्यावर अवगुण ठरले.

ह्या वस्तूचा पसारा केवढा झाला आहे? अमेरिकेंतील तिघां संशोधकांनीं २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणें २०१५ पर्यंत जगांत सुमारें ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झालें. त्यांतील सुमारें ६३० कोटी टनांचा कचरा झाला आणि त्या कचऱ्यापैकीं शेंकडा ९ च भाग पुन्हा उपयोगांत आला. शेंकडा १२ जाळला गेला आणि राहिलेला शेंकडा ७९ भाग खड्ड्यांत, जमिनीवर वा पाण्यांत पडून राहिला. आपल्या देशापुरतें बोलावयाचें तर केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१९-२० ह्या एका वर्षाचा प्लास्टिकचा कचरा सुमारें ३४.७ लाख टन असल्याचें नमूद केलें आहे.

कायदे झाले नाहींत असें नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां तुंबलेल्या गटारांच्या कारणांत पन्नीचेंही नांव घेतलें गेलें. मार्च २०१८ मध्यें महाराष्ट्र शासनानें प्लास्टिक व थर्माकोल ह्यांच्या अनेक वस्तूंवर बंदी जाहीर केली व २३ जूनपासून तिची अंमलबजावणी आरंभिली. १ जुलै २०२२ पासून एकदांच वापरून फेंकावयाच्या कित्येक वस्तूंना देशभर मनाई झाली आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या सुमारें आठव्या हिश्शाहून, पातळ अशी हातांत न्यावयाची पिशवीही निषिद्ध ठरली. पण मालाचें वेष्टन ह्या बंदीबाहेर आहे. दुधाची पिशवी, मिठाची पिशवी, खताच्या पोत्याचें अस्तर हीं येतच राहणार. आणि पूर्वींचा सांठा तर आहेच. भंगारवाला पाण्याच्या बाटल्या, बादल्या, डबे आनंदानें घेतो. पन्नी मात्र तो घेत नाहीं, कारण ती हलकी, मळकी व गोळा करण्यास कष्टाची. ज्या वस्तूस गिऱ्हाईक नाहीं, अशा ह्या वस्तूपासून लादी करावयाची आहे.

लादीची कृति कळण्यास प्लास्टिकचे प्रकार ओळखतां आले पाहिजेत. पुष्कळ वस्तूंवर त्रिकोणांत एक आंकडा छापलेला असतो. १ म्हणजे पाण्याची बाटली, २ म्हणजे घट्ट पॉलिथीन, ४ म्हणजे मऊ पॉलिथीन (आपली पन्नी), ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन (खताचें विणलेलें पोतें), आणि ३ म्हणजे पीव्हीसी. मऊ पॉलिथीन सुमारें ११० अंशांवर वितळतें, घट्ट पॉलिथीन १३० च्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन सुमारें १६० वर. बाटलीचें प्लास्टिक मात्र २५० अंशांपर्यंत दाद देत नाहीं. म्हणून लादीसाठीं मुख्यतः ४ चें, व थोडेंफार २ आणि ५ चें द्रव्य घ्यावयाचें. आंकडा नसल्यास एक सोपी परीक्षा आहे. तुकडा ओला करून, त्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे बोटानें पुसून, पाण्यांत दाबून सोडावा. पॉलिथीन व पॉलिप्रॉपिलीन पाण्याहून हलकीं असल्यानें वर येतात; बाटलीचें प्लास्टिक व पीव्हीसी तळाशीं जातात. जें बुडालें तें बाजूस ठेवावें.

पीव्हीसीविषयीं विशेष सावधगिरी हवी. वाढदिवसाचे व निवडणुकीचे फ्लेक्स, रेक्झिन, विजेच्या तारांवरील आवरण, नळ हे सामान्यतः ह्याच द्रव्याचे असतात. त्यांत क्लोरीन असतो. तें तापलें कीं हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायु सुटतो, आणि जळलें तर डायॉक्सिन नांवाचीं अत्यंत घातक द्रव्यें निर्माण होऊं शकतात. फवारणीच्या औषधांचे रिकामे डबेही, ते कोणत्याही प्लास्टिकचे असोत, ह्या कामीं वर्ज्य समजावेत.

आतां कृति. पन्न्या निवडून, धुऊन, पूर्ण वाळवावयाच्या; कारण ओलावा राहिला तर त्याची वाफ होऊन तापलेलें द्रव्य उडतें आणि लादींत पोकळ्या राहतात. मग त्यांचे बारीक तुकडे कातरावयाचे. दुसरीकडे वाळू किंवा खडीच्या यंत्राची चुरी चाळून, कोरडी करून तापवावयाची. तापलेल्या वाळूंत प्लास्टिकचा चुरा थोडाथोडा टाकून ढवळीत गेलें म्हणजे तो वितळून प्रत्येक कणाभोंवतीं चिकट लेप बसतो. हें मिश्रण तेल लावलेल्या लोखंडी सांच्यांत भरून दाबावयाचें व निवल्यावर लादी बाहेर काढावयाची. सिमेंटच्या लादीस पुढें कित्येक दिवस पाणी मारावें लागतें, तशी हिला जरूर नाहीं; निवणें हेंच हिचें घट्ट होणें.

प्रमाण किती असावें? ह्याचें उत्तर शाळेंतील साध्या गणितानें काढतां येतें. एक लिटर कोरडी वाळू सुमारें १.६ किलो भरते. वाळूच्या दगडाची घनता सुमारें २.६५. म्हणजे त्या लिटरांत घन दगड ०.६ लिटर आणि कणांमधील पोकळी ०.४ लिटर. ही पोकळी ०.९२ घनतेच्या पॉलिथीननें भरावयाची तर सुमारें ०.३७ किलो लागेल. म्हणजे एका भागास वाळू सव्वाचार भाग. परंतु व्यवहारांत प्रत्येक कणावर लेप बसावा म्हणून प्लास्टिक कांहीं जास्त घ्यावें लागतें, आणि वजनी एकास तीन हें प्रमाण हिशेबासाठीं धरण्यास सोयीचें आहे. त्याप्रमाणें २० सेंटिमीटर लांब, १० रुंद व ६ जाड अशी लादी सुमारें २.१६ किलो भरेल आणि तींत ५४० ग्रॅम प्लास्टिक राहील. एक पातळ पिशवी ५ ग्रॅमची धरली तर एका लादींत शंभराहून अधिक पिशव्या मावल्या. चौरस मीटरास अशा ५० लाद्या, म्हणजे २७ किलो प्लास्टिक लागेल.

आतां गांवाचा हिशेब करूं. समजा, गांवांत २,००० घरें आहेत आणि दर घरीं महिन्यास अर्धा किलो स्वच्छ पन्नी निघते. महिन्यास १,००० किलो झालें. तीन मीटर रुंद व शंभर मीटर लांब बोळास ८,१०० किलो लागतात. म्हणजे आठ महिन्यांत एक बोळ फरसबंद होईल. ही गोष्ट लहान नव्हे, पण फार मोठीही नव्हे. सगळ्या गांवचे रस्ते पन्नीनें बांधून काढूं, असें जो सांगेल, त्यानें हा हिशेब एकदां करून पाहावा.

हा विचार इतरत्र कोणी अमलांत आणला आहे काय? आणला आहे. मदुरेच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयांतील रसायनशास्त्राचे प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन ह्यांनीं ह्या शतकाच्या आरंभीं डांबरी रस्त्यांत टाकाऊ प्लास्टिक वापरण्याची रीत बसविली. त्यांची युक्ति अशी कीं, प्लास्टिक विस्तवावर न वितळवितां सुमारें १६० ते १७० अंश तापलेल्या खडीवर त्याचा चुरा शिंपडावयाचा. तो अर्ध्यापाऊण मिनिटांत खडीवर लेपासारखा बसतो व मग डांबर घालावयाचें. भारतीय रस्ते परिषदेनें २०१३ सालीं ह्या रीतीची मार्गदर्शिका काढली, आणि २०१८ सालीं वासुदेवन ह्यांस पद्मश्री मिळाली. त्यांनींच पुढें दगडाचे तुकडे व प्लास्टिक ह्यांची ‘प्लास्टोन’ नांवाची लादीही तयार केली. एका लादींत सुमारें ३०० पिशव्या व ६ बाटल्या जिरतात, असें तिचें वर्णन प्रसिद्ध आहे. आफ्रिकेंत केनियाच्या नैरोबी शहरीं न्झाम्बी माटी ह्या तरुण अभियंतीनें वाळू व प्लास्टिक ह्यांच्या दाबलेल्या विटांचा कारखानाच काढला, आणि २०२० सालीं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागानें तिचा गौरव केला.

इतकें ऐकून कोणी आपल्या परसांत पिंप मांडून चूल पेटवील, म्हणून तिसरा प्रश्न आतां अधिक स्पष्टपणें मांडावयाचा आहे. धोका वितळण्यांत नाहीं, जळण्यांत आहे. आणि ह्या दोहोंमधील अंतर उघड्या विस्तवावर राखतां येत नाहीं. पिंपाच्या मध्यावर १६० अंश असतांना तळाशीं ३०० अंशही असूं शकतात. सुमारें २७० च्या वर हीं द्रव्यें मोडूं लागतात व विषारी वायु सुटतात. ३५० च्या सुमारास पॉलिथीन आपोआप पेट घेऊं शकतें. धूर दिसूं लागला कीं उष्णता मर्यादेबाहेर गेली, असें निश्चित समजावें. जो धूर अंगणांत नको म्हणून हा सारा खटाटोप, तोच एका ठिकाणीं दाट करून चार मजुरांच्या नाकांत घालणें ह्यास सुधारणा म्हणतां येणार नाहीं. उष्णतामापक, विजेवर नियंत्रित तापणारें बंद पात्र, ढवळणारें यंत्र आणि धूर ओढून गाळणारी व्यवस्था इतकीं साधनें असल्याखेरीज हें काम कोणीं हातीं घेऊं नये.

लादीच्याही मर्यादा आहेत. विदर्भाच्या उन्हाळ्यांत हवा ४५ अंशांवर जाते आणि काळसर फरशी त्याहून पुष्कळच तापते. अशा वेळीं ही लादी वितळत नाहीं खरी, परंतु जड ओझ्याखालीं हळूहळू दबते. म्हणून भरलेल्या ट्रॅक्टरच्या वाटेवर ती घालूं नये. अंगण, शाळेचें आवार, मंदिराची प्रदक्षिणा, पाणवठा, पायवाट ह्या तिच्या जागा. सिमेंटच्या लादीसाठीं भारतीय मानक आहे, आणि त्याच्या २००६ च्या पाठांत पायवाटेच्या लादीसही दर चौरस मिलिमीटरास ३० न्यूटन इतकें बळ सांगितलें होतें. प्लास्टिकच्या लादीनें तितकें बळ दाखविलें आहे काय, हें बसविण्यापूर्वीं तपासून घ्यावें. छत्रपती संभाजीनगर येथें सीपेट ही प्लास्टिकविद्येची केंद्रीय संस्था आहे, तिचें साहाय्य अशा कामीं घेतां येईल. ही लादी जळूं शकते, म्हणून चुलीजवळ किंवा होळीच्या चौकांत ती नको. आणि आमच्या काळ्या जमिनींत तर कोणतीही लादी नुसती मातीवर टिकणार नाहीं. माती खणून काढून मुरूम भरावा, तो धुमसानें ठोकावा, वर चुरीचा थर द्यावा, पाण्यास उतार ठेवावा आणि मगच फरसबंदी करावी.

सर्वांत गंभीर आक्षेप झिजेचा आहे. पाय घासून, ऊन खाऊन लादीचा पृष्ठभाग झिजणार आणि प्लास्टिकचे सूक्ष्म कण पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याविहिरींत जाणार. २०२२ सालीं ॲम्स्टरडॅम येथील संशोधकांनीं २२ निरोगी माणसांचें रक्त तपासलें, तेव्हां १७ जणांच्या रक्तांत प्लास्टिकचे कण आढळले. हे कण कशामुळें आले, हा निराळा प्रश्न. पण झिजणारें प्लास्टिक कोठें अंथरावें, ह्याविषयीं सावध राहण्यास एवढें पुरे आहे. विहिरीच्या कांठास व पाण्याच्या टांकीभोंवतीं ही लादी घालूं नये, आणि प्लास्टिकचें प्रमाण जरुरीपुरतेंच ठेवावें.

मग ह्या उद्योगाचें खरें स्थान कोणतें? माझ्या मतें क्रम असा असावा. जें टाळतां येईल तें प्रथम टाळावें. कापडी पिशवी हा आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे. जें भंगारवाला घेतो तें त्याला द्यावें. बाटलीपासून धागा होतो, बादलीपासून पुन्हा बादली होते, आणि त्यांची लादी करणें म्हणजे चांगल्या वस्तूस खालच्या पायरीवर नेणें होय. वेफरचें चकचकीत वेष्टन प्लास्टिक व धातु ह्यांच्या थरांचें असतें. तें सिमेंटच्या भट्टींत इंधन म्हणून जावें. त्या भट्टींत १,४०० अंशांहून अधिक उष्णता असते, आणि विदर्भांतच चंद्रपूर जिल्ह्यांत सिमेंटचे कारखाने आहेत. ह्या तिन्ही वाटांनीं जी जात नाहीं ती मळकी, सुटी पन्नी लादीच्या वांट्यास यावी.

हें कामही गांवोगांवीं न करितां तालुक्याच्या एका ठिकाणीं करावें. स्वच्छ भारत अभियानाच्या ग्रामीण भागाचा दुसरा टप्पा २०२० सालीं सुरू झाला, त्यांत दर गटास एक प्लास्टिक-व्यवस्थापन केंद्र उभारण्यासाठीं १६ लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद करण्यांत आली. गांवानें निवडावें, धुवावें, वाळवावें. केंद्रानें कातरावें व वितळवावें, अशी वांटणी झाल्यास धूरही आटोक्यांत राहील आणि मालही एकसारखा निघेल. वेंचण्याचें काम करणाऱ्या बायांना मात्र किलोमागें ठरलेला दाम, हातमोजे व बसावयास सांवली मिळाली पाहिजे. त्यांच्या फुकट श्रमावर उभी राहिलेली फरसबंदी स्वस्त दिसेल, पण ती न्यायाची होणार नाहीं.

शहरांत राहणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांस शेवटीं एक विनंति आहे. निवडण्याचें काम उकिरड्यावर दहा पटींनीं अवघड होतें. तेंच आपल्या स्वयंपाकघरांत अर्ध्या मिनिटाचें आहे. दुधाची पिशवी उघडतांना तिचा कोपरा कापून वेगळा करूं नये, जोडलेलाच ठेवावा. कारण तो नखाएवढा तुकडा पुढें कोणाच्याही हातीं लागत नाहीं. पिशवी रिकामी होतांच विसळून दोरीवर वाळत घालावी आणि आठवड्याची गड्डी करून सुक्या केरांत निराळी द्यावी. तिची लादी होवो, दुसरें कांहीं होवो. ती गाईच्या पोटांत आणि कोपऱ्यावरच्या जाळांत जाणार नाहीं, इतकें तरी निश्चित आपल्या हातीं आहे.